म्हातारपण कोणाच्या भरवशावर?

‘वृद्धाश्रम’ हा शब्द आपण सहज वापरतो. त्यातल्या ‘आश्रम’कडे मात्र फारसे कोणी बघत नाही. ब्रह्मचर्य, गृहस्थ, वानप्रस्थ आणि संन्यास ही आयुष्याची चार टप्प्यांची मांडणी धर्मशास्त्रांनी केली ती द्विजांसाठी. शूद्राच्या वाट्याला त्यातला गृहस्थाश्रम तेवढा आला, म्हणजे संसार आणि वरच्यांची सेवा. अतिशूद्र तर या हिशेबातच नव्हते. उतारवयात कामातून सुटका व्हावी ही गोष्ट आपल्या पूर्वजांसाठी शास्त्रातसुद्धा लिहिलेली नव्हती. हात चालतात तोवर राबायचे आणि हात थांबले की पोरांच्या तोंडाकडे बघायचे, एवढेच त्यांचे म्हातारपण. आज ज्येष्ठांच्या निवासाची नवी बाजारपेठ उभी राहत असताना हा जुना हिशेब विसरून चालणार नाही.

मी मूळची नागपूरची. नोकरीने लखनौत आणले आणि मी इथलीच झाले. महाराष्ट्राबाहेर फुले, शाहू आणि बाबासाहेबांना एवढ्या मोठ्या प्रमाणावर दगडात कोरणारे दुसरे शहर माझ्या पाहण्यात नाही. गोमतीनगरात आंबेडकर सामाजिक परिवर्तन स्थळ आहे. तिथेच एका प्रेक्षागृहाला संत गाडगेजी महाराजांचे नाव आहे. इथल्या वैद्यकीय विद्यापीठाला काही वर्षे छत्रपती शाहूजी महाराजांचे नाव होते. २०१२ मध्ये सरकार बदलले आणि नावही बदलले. ज्यांच्या वर्गणीतून आणि पायपिटीतून हे सारे राजकारण उभे राहिले, ती पिढी आता म्हातारी झाली आहे. आमच्या विहारातल्या बैठकीत हल्ली सर्वांत जास्त वेळ जातो तो याच विषयावर.

या बैठकीत दोन तऱ्हेची माणसे असतात. पहिली, राखीव जागांवर लागलेली पहिली पिढी: रेल्वे, बँक, पोस्ट, विमा, शाळा. अलीगंज किंवा इंदिरानगरात दोन-तीन खोल्यांचे घर आहे, जुनी पेन्शन आहे, मुले नोएडा, बंगळुरू नाहीतर पुण्यात आहेत. दुसरी, सफाई, बांधकाम, रिक्षा, धुणीभांडी यांत आयुष्य गेलेली माणसे. त्यांच्याकडे पेन्शन म्हणजे सरकारची ‘वृद्धा पेन्शन’ आणि मुले असलीच तर तीही ठेक्यावर. दोघांचा प्रश्न एकच आहे: पुढे राहायचे कुठे आणि बघणार कोण? उत्तरे मात्र अगदी वेगळी आहेत. पर्याय कोणकोणते आहेत हे आपल्या माणसांना नीट कोणी सांगत नाही, म्हणून ते इथे मांडते आहे. प्रत्येक पर्यायाला तीन प्रश्न विचारायचे. पैसे कोण देणार? दारातून आत कोणाला घेणार? आणि आतले काम कोण करणार?

पहिला पर्याय घरीच राहण्याचा. बहुतेक ज्येष्ठांना हाच हवा असतो आणि बहुतेकांच्या वाट्याला हाच येतो. घरी राहणे म्हणजे एकटे पडणे नव्हे. त्याला आधार लागतो. दिवसातून काही तास येणारी बाई किंवा अटेंडंट, औषधे आणि रक्तदाब बघायला येणारी नर्स, मोहल्ल्यातले दिवसभराचे केंद्र, संडासात धरायला दांडी. पेन्शनर माणूस यातले बरेच विकत घेऊ शकतो. वृद्धा पेन्शनवर जगणारा घेऊ शकत नाही, कारण बारा तासांच्या अटेंडंटचा महिन्याचा खर्च त्याच्या पेन्शनच्या कित्येक पट असतो.

घराचा आकारही इथे महत्त्वाचा ठरतो. २००८ मध्ये सुरू झालेल्या मान्यवर कांशीराम शहरी गरीब आवास योजनेत लखनौसह अनेक शहरांत वसाहती झाल्या. निराधार विधवा, अपंग आणि गरीब कुटुंबांना हक्काचे छप्पर मिळाले. ही मोठी गोष्ट होती आणि तिचे मोल कमी करण्याचे कारण नाही. पण त्या अनेक मजली इमारतींना लिफ्ट नाही. तेव्हा पन्नाशीची असलेली विधवा आज सत्तरीला टेकली आहे. गुडघे गेले की वरच्या मजल्यावरून ती रेशनलाही उतरू शकत नाही. तळमजल्याच्या घरांची अदलाबदल, जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडे आणि वसाहतीतच एखादे दिवसभराचे केंद्र एवढ्यानेसुद्धा तिचे आयुष्य बदलेल. यासाठी नवीन इमारत बांधावी लागत नाही, फक्त कोणी तरी तिचा विचार करावा लागतो.

दुसरा पर्याय ज्येष्ठांसाठी बांधलेल्या सदनिकांचा, म्हणजे ‘सिनिअर लिव्हिंग’. पुण्यात ‘अथश्री’ आणि राजस्थानात भिवाडीला ‘आशियाना उत्सव’ अशा प्रकल्पांनी हा प्रकार रुळवला. हिंडत्या-फिरत्या माणसासाठी तो आहे: स्वतःचे घर, सामाईक भोजनगृह, रात्री बोलावता येईल असा माणूस, रॅम्प, लिफ्ट. केंद्राच्या गृहनिर्माण मंत्रालयाने २०१९ मध्ये अशा निवासांसाठी आदर्श मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि महाराष्ट्रात महारेराने २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी नियम केले. आपल्यातल्या ज्या पेन्शनर मंडळींना हे परवडते त्यांनी सही करण्यापूर्वी काही गोष्टी कागदावर मागाव्यात. घर मालकीचे आहे की नुसते राहण्यापुरते? मासिक आकार दर वर्षी किती वाढणार? नवरा गेल्यावर बायकोला तिथेच राहता येईल का? अंथरुणाला खिळल्यावर तिथेच ठेवणार की ‘घेऊन जा’ म्हणणार? मृत्यूनंतर मुलांना घर विकता येईल का, की खरेदीदाराच्या वयाची अट आड येईल? प्रकल्प रेरात नोंदलेला आहे का?

तिसरा पर्याय मदतीसह निवासाचा. स्वतःचे स्वतः आंघोळ, कपडे, औषधे जमत नाहीत, पण दवाखान्यात ठेवण्याइतका आजारही नाही, अशांसाठी. चौथा पर्याय शुश्रूषा केंद्राचा: अंथरुणाला खिळलेले, पक्षाघात झालेले, स्मृतिभ्रंश झालेले किंवा शेवटच्या आजारातले रुग्ण. इथे एक घोटाळा नेहमी होतो. आपल्याकडे ‘नर्सिंग होम’ म्हणतात ते खासगी छोटे हॉस्पिटल. तिथे उपचार होतात आणि मग घरी पाठवतात. वर्षानुवर्षे सांभाळणाऱ्या जागा वेगळ्या, संख्येने कमी आणि महाग. त्यामुळे माणूस हॉस्पिटलमधून सुटतो आणि पुढे जायला जागा नसते. २०२४ च्या ऑक्टोबरपासून सत्तरीवरील प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेत वर्षाला ५ लाखांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण मिळाले आहे. ते कार्ड जरूर काढावे. पण ते दवाखान्यात भरती झाल्यावरच्या उपचारांसाठी आहे. घरी कूस बदलायला, डायपर बदलायला, भरवायला येणाऱ्या माणसाचे पैसे त्यातून मिळत नाहीत. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णासाठी लखनौत एक आधार आहे: किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठात वृद्धांच्या मानसिक आरोग्याचा स्वतंत्र विभाग आहे. ‘म्हाताऱ्याला वेड लागले’, ‘बाहेरचे लागले’ म्हणून खोलीत कोंडण्यापेक्षा त्याला तिथे दाखवावे.

पाचवा पर्याय संस्था आणि ट्रस्ट यांच्या वृद्धाश्रमांचा. काही मोफत, काही पैसे घेणारे. केंद्राच्या अटल वयो अभ्युदय योजनेखाली अशा संस्थांना अनुदानही मिळते. यांतल्या अनेक जागी माणसे मनापासून काम करतात. पण दुसरा प्रश्न, दारातून आत कोणाला घेणार, हा इथे सर्वांत टोकदार होतो.

विहारातल्या एका सहकाऱ्यासाठी मी अशा काही जागा पाहिल्या. कुठल्याही फॉर्मवर जातीचा रकाना नव्हता. एका ठिकाणी मात्र गप्पांच्या ओघात चौकशी सुरू झाली. उत्तर प्रदेशात आपले लोक गौतम, कुमार, राम, प्रसाद अशी नावे लावतात आणि ऐकणारा त्यावरून अंदाज बांधतो. माझे मराठी आडनाव तिथे कोणाला कळेना, म्हणून पुढचे प्रश्न आले. गाव कोणते? वडील काय करायचे? घरी पूजा कोणती? खाणे-पिणे कसे? मग सांगितले गेले की इथे शुद्ध शाकाहार आहे, रोज आरती होते, आणि ‘सगळ्यांना इथले वातावरण मानवतेच असे नाही’. नकार कोणी दिला नाही. जागा झाली की कळवू म्हणाले.

शाकाहारी जेवण देण्यात गैर काही नाही. पण ‘शुद्ध’ हा शब्द स्वयंपाकघरापुरता राहत नाही. पंगतीत कोण कोणाच्या शेजारी बसणार, खोलीत कोण कोणाबरोबर राहणार, पाण्याच्या माठाला कोण हात लावणार, इथपर्यंत तो पोचतो. सत्तर वर्षे निळ्या झेंड्याखाली काढलेल्या माणसाने आयुष्याची शेवटची पाच वर्षे भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो उतरवून, रोजच्या आरतीला टाळ्या वाजवत काढायची का? पोट भरते, छप्पर मिळते, पण माणूस आपल्या नावाने जगत नाही. राजधानी दिल्लीच्या परिसरात भाड्याच्या घरांबद्दल सुखदेव थोरात आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. भाडे देण्याची ऐपत असूनही दलित आणि मुस्लिमांना घर नाकारले जाते, हे त्यात दिसले. भाड्याच्या घराला लागू आहे ते म्हातारपणाच्या घराला लागू नसेल असे मानण्याचे काही कारण मला दिसत नाही.

आपल्या परंपरेत याचे उत्तर आहे. गाडगेबाबांनी महाराष्ट्रभर धर्मशाळा बांधल्या, आंधळ्या-पांगळ्यांना आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांना जेवू घातले, आणि त्या दारात जात विचारली नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. लखनौतल्या प्रेक्षागृहावर ज्यांचे नाव आहे ते हे गाडगेबाबा.

कायदाही आपल्या बाजूचा आहे, पण तो वापरला जात नाही. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यात अस्पृश्यतेच्या कारणावरून धर्मशाळा, सार्वजनिक उपयोगाच्या सरकारी पैशावरच्या जागा, सर्वांसाठीच्या धर्मादाय ट्रस्टचे लाभ, निवासी घर घेणे किंवा त्यात राहणे, दवाखाना, वसतिगृह यांत अडथळा आणणे गुन्हा आहे. अडचण पुराव्याची आहे, कारण तोंडावर ‘तुमची जात चालत नाही’ असे आता कोणी म्हणत नाही. म्हणून प्रवेश मागताना लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी, आणि नकाराचे कारण लेखी मागावे.

सहावा पर्याय सरकारी, मोफत वृद्धाश्रमाचा. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह व कल्याणाचा कायदा २००७ चा आहे. त्याच्या कलम १९ नुसार प्रत्येक जिल्ह्यात किमान एक, निदान १५० निराधार ज्येष्ठ राहू शकतील असा वृद्धाश्रम हवा. पण कायद्याची भाषा राज्य सरकार असे आश्रम काढू ‘शकेल’ अशी आहे, काढलेच पाहिजेत अशी नाही. उत्तर प्रदेशात समाजकल्याण विभाग स्वयंसेवी संस्थांमार्फत ७५ जिल्ह्यांत असे आश्रम चालवतो. हिशेब करून बघा: ७५ गुणिले १५० म्हणजे ११,२५० जागा. २०११ च्या जनगणनेत या राज्यात साठीवरील लोक दीड कोटींच्या वर होते. म्हणजे तेराशेहून अधिक ज्येष्ठांमागे एक जागा. सगळ्यांना ती लागणार नाही हे खरे. पण राज्यात अनुसूचित जातींची लोकसंख्या २०.७ टक्के असताना आणि भूमिहीन, ठेक्यावरचे मजूर त्यांत मोठ्या संख्येने असताना गरज किती असेल याचा अंदाज कोणालाही येईल. त्या जागांवर आज कोण राहते, कोणत्या समाजाचे किती, स्वयंपाकघरात कोण आणि संडास धुवायला कोण, याची माहिती सरकारने दर वर्षी जाहीर करावी.

महाराष्ट्रही यात फार पुढे नाही. तिथे १९९५ मध्ये युती सरकारने वृद्धाश्रमांची योजना आणली, तिचे नाव ‘मातोश्री’. ज्येष्ठांच्या निवृत्तिवेतनाच्या योजनेचे नाव ‘श्रावणबाळ’. नावे बघा. एक आईपणाचे, दुसरे कावड खांद्यावर घेणाऱ्या मुलाचे. नागरिक म्हणून मिळायच्या गोष्टीला सरकारने नाते आणि पुण्य यांचे कपडे घातले आहेत. संविधानाच्या अनुच्छेद ४१ मध्ये वार्धक्यात सार्वजनिक साहाय्य मिळण्याच्या हक्काचा उल्लेख आहे. तिथे श्रावणबाळ नाही.

आता पैशाकडे वळू, कारण पहिला प्रश्न तोच आहे. उत्तर प्रदेशात वृद्धा पेन्शन महिन्याला १,००० रुपये. दिवसाचे ३३ रुपये. महाराष्ट्रात श्रावणबाळ योजनेत १,५०० रुपये, म्हणजे ५० रुपये रोज. यात केंद्राचा वाटा साठ ते एकोणऐंशी वयासाठी २०० रुपये आणि ऐंशीनंतर ५०० रुपये आहे. तो २०० रुपयांचा आकडा दीड दशकाहून जास्त काळ हललेला नाही. उत्तर प्रदेशात शहरातल्या अर्जदाराचे वार्षिक उत्पन्न ५६,४६० रुपयांच्या आत आणि खेड्यात ४६,०८० रुपयांच्या आत लागते. आधार कार्डावर जन्मतारीख चुकली की साठीचा माणूस पंचावन्नचा ठरतो. ज्याचा जन्म कुठे नोंदलाच गेला नाही, त्याने ती चूक दुरुस्त कशी करावी?

आणि साठी गाठणे हेसुद्धा सर्वांच्या नशिबी सारखे नाही. संगीता व्यास, पायल हाथी आणि आशिष गुप्ता यांचा २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास उत्तर प्रदेशासह नऊ राज्यांच्या आकडेवारीवर आधारलेला आहे. सवर्ण हिंदूंच्या तुलनेत आदिवासींचे अपेक्षित आयुर्मान चार वर्षांहून अधिक, दलितांचे तीन वर्षांहून अधिक आणि मुस्लिमांचे सुमारे एका वर्षाने कमी असल्याचे त्यात आढळले. गरिबीने या फरकाचा निम्म्याहून कमी भाग उलगडतो. उरलेला भाग कशाचा, हे या स्तंभाच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. गटारात उतरून, विटा वाहून झिजलेले शरीर पन्नाशीतच म्हातारे होते. साठीची सरसकट अट लावताना सरकारला हे शरीर दिसत नाही.

‘मुलांनी आई-बापांना सांभाळले पाहिजे’ हे वाक्य या चर्चेत हमखास येते. २००७ चा कायदा तेच म्हणतो. उपविभागीय अधिकाऱ्याच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढील न्यायाधिकरणात आई-वडील अर्ज करू शकतात. वकील लागत नाही. निर्वाह भत्त्याची मर्यादा महिन्याला १०,००० रुपये आहे. मूलबाळ नसलेल्यांना मालमत्तेचा वारस होणाऱ्या नातेवाइकाकडे मागणी करता येते. कलम २३ प्रमाणे, सांभाळण्याच्या अटीवर दिलेले घर, सांभाळ झाला नाही तर परत मिळवता येते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये उर्मिला दीक्षित यांच्या प्रकरणात या कलमाचा उदार अर्थ लावला. ज्यांच्या नावावर घर आहे त्यांनी मुलाच्या नावे बक्षीसपत्र करताना सांभाळाची अट त्यातच लिहून घ्यावी, हा त्यातला धडा आहे. आणि अडचणीच्या वेळी १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक आहे, तो घरोघरी लिहून ठेवावा.

पण या कायद्याच्या मुळाशी एक गृहीत आहे: मुलाकडे आहे, तो देत नाही. आपल्या वस्त्यांत बहुतेक वेळा मुलाकडेच नसते. ठेकेदाराकडे सफाईचे काम करणारा मुलगा, एका खोलीत बायको आणि तीन पोरे, त्यात पक्षाघात झालेली आई. त्याने कामावर जायचे की आईची कूस बदलायची? न्यायाधिकरणाने त्याला दंड केला तर तो आईच्याच औषधातून जाईल. त्याला निर्दयी ठरवून सरकार स्वतःची जबाबदारी झटकते. प्रत्यक्षात कूस बदलते ती सून, नाहीतर शाळा सोडून घरी बसलेली नात. त्या नातीची गेलेली वर्षे कोणत्याही योजनेच्या हिशेबात धरली जात नाहीत.

तिसरा प्रश्न आतल्या कामाचा. मोठ्या घरांतून, ज्येष्ठांच्या सदनिकांतून, शुश्रूषा केंद्रांतून दुसऱ्याच्या आई-बापांचे मलमूत्र काढणाऱ्या, जखमा धुणाऱ्या, रात्र रात्र जागणाऱ्या बायका कोण आहेत हे आपल्याला ठाऊक आहे. अनेक घरांत स्वयंपाकाची बाई वेगळी आणि ‘ते’ काम करणारी वेगळी. दुसरीला चहा मिळतो तोही वेगळ्या कपात. जातीने जे काम जन्मावरून लादले होते तेच आता एजन्सीमार्फत, गणवेश घालून लादले जाते. एजन्सी आपला वाटा कापते. भविष्य निर्वाह निधी नाही, विमा नाही, सुट्टी नाही. पन्नाशीत कंबर गेली की काम गेले. जिने दहा म्हाताऱ्यांना शेवटचे पाणी पाजले, तिच्या म्हातारपणाला त्याच इमारतीत एक खाट मिळत नाही. ज्येष्ठांच्या काळजीचा कोणताही विचार या बाईपासून सुरू झाला नाही तर तो अपुरा आहे.

बाबासाहेबांनी हे फार आधी ओळखले होते. १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये त्यांनी विमा हा राज्याचा मक्ता असावा आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाला त्याच्या वेतनाच्या प्रमाणात विमा घ्यायला लावणे राज्यावर बंधनकारक असावे, अशी मांडणी केली. माणसाची सुरक्षितता त्यांनी मालकाच्या किंवा मुलाच्या चांगुलपणावर सोडली नाही, ती राज्यावर टाकली. आपल्या म्हाताऱ्यांच्या प्रश्नावर यापेक्षा सरळ मांडणी मला सापडलेली नाही.

चळवळीनेही स्वतःकडे बघायला हवे. १९७८ मध्ये बामसेफ उभी राहिली ती नोकरदारांच्या पगारावर आणि वेळेवर. किती तरी जणांनी लग्न केले नाही, घर बांधले नाही, सुट्ट्या सायकलवर काढल्या. मान्यवर कांशीरामजींनी तर घरच सोडले होते. २००३ मध्ये त्यांना पक्षाघात झाला. शेवटच्या आजारात त्यांची देखभाल कोणी करावी, यावरून कुटुंब आणि पक्ष यांच्यातला वाद न्यायालयात गेला. ९ ऑक्टोबर २००६ रोजी ते गेले. त्या वादात कोणाची बाजू घेण्याचा माझा हेतू नाही. पण ज्यांनी आपले सारे आयुष्य समाजाला दिले त्यांच्या म्हातारपणाची जबाबदारी कोणाची, हे आपण आधी कधी ठरवलेच नव्हते, एवढे त्यातून दिसले. ज्यांची नावे कोणाला माहीत नाहीत अशा शेकडो कार्यकर्त्यांचे आजही ठरलेले नाही.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. वृद्धा पेन्शन किमान वेतनाशी जोडावी आणि केंद्राने आपला २०० रुपयांचा वाटा वाढवावा. झिजवणाऱ्या कामातल्या मजुरांना साठीच्या आधी पेन्शन मिळावी. सरकारी अनुदान घेणाऱ्या प्रत्येक वृद्धाश्रमाला आणि रेरात नोंदलेल्या प्रत्येक ज्येष्ठ निवासाला जात, धर्म आणि आहार यांवरून भेदभाव न करण्याची अट लेखी असावी आणि ती मोडली तर अनुदान व नोंदणी जावी. कांशीराम वसाहतींसारख्या ठिकाणी दिवसभराची केंद्रे व्हावीत. काळजीचे काम करणाऱ्या बायकांना किमान वेतन, कर्मचारी राज्य विमा आणि पेन्शन मिळावी.

सरकार हे उद्या करणार नाही, म्हणून आपण आज काही करू शकतो. लखनौत, नागपुरात, मुंबईत विहारे आहेत. सकाळची वंदना झाली की दिवसभर ती बंद असतात. तिथे सतरंजी, पाणी, वर्तमानपत्र आणि आठवड्यातून एकदा येणारा डॉक्टर एवढी सोय केली तरी दिवसाचे केंद्र होते. निवृत्त कारकुनांपेक्षा फॉर्म कोणाला चांगला भरता येणार? वस्तीतल्या म्हाताऱ्यांची आधारची तारीख, पेन्शनचा अर्ज, आयुष्मान कार्ड, न्यायाधिकरणातला अर्ज ही कामे त्यांनी अंगावर घ्यावीत. आपल्याच पेन्शनर मंडळींनी एकत्र येऊन लहानसा, सर्वांसाठी खुला असा निवास उभारता येईल का, याचा हिशेब मांडावा. आणि त्यात राबणाऱ्या बाईचे म्हातारपणही त्याच हिशेबात धरावे.

याच उत्तर प्रदेशात काशीला मरण आले तर मोक्ष मिळतो असे मानणारे लोक आहेत आणि त्या मरणाची वाट बघण्यासाठी तिथे मुक्तिभवनही आहे. कबीर मात्र शेवटी काशी सोडून मगहरला गेले, असे परंपरा सांगते. कुठे मरावे याची चिंता त्यांनी केली नाही. आपणही ती करू नये. पण मरणाआधीची दहा-पंधरा वर्षे कुठे, कोणाच्या पैशावर आणि कोणत्या नावाने जगायची, याची चिंता आपण आतापासून आणि एकत्र केली पाहिजे. पुढच्या रविवारच्या बैठकीत आपल्या विहारातल्या साठीवरील माणसांची यादी करा, आणि प्रत्येक नावापुढे लिहा: पेन्शन आहे का, घर कितव्या मजल्यावर आहे, रात्री हाक मारली तर कोण येईल.

जय भीम.